तेरा अंशांची तालीम

सावद्याला मे महिन्यात
पत्र्यावर भाकरी टाकली तर उलटायला विसरू नये,
एवढीच काळजी घ्यावी लागते.

त्याच दिवसांत ठरलं, स्पितीला जायचं.
मी, नणंद कुमुद, आणि वायकोळेंची शैलजा,
जिचा उजवा गुडघा जिना बघूनच बोलायला लागतो.
घरच्यांना सांगितलं नाही.
सांगण्यासारखं अजून काही नव्हतंच,
फक्त वही होती,
केळी-ग्रुपच्या जमाखर्चाची, मागच्या पानापासून उघडलेली.

भुसावळ हाकेवर.
उत्तरेच्या गाड्या आमच्या जन्माच्या आधीपासून
तिथं पाणी भरून पुढं जातात.
आम्ही फलाटावर जायचो ते डबा द्यायला,
हात हलवायला.
आता तिकिटं काढली तर
वेटिंग एक्केचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस.
कुमुद म्हणाली, ओळीत तरी आहोत ना.

सलदार तडवी दर आठवड्याला आमचा माल वर नेतो.
त्यानं खोक्याचं झाकण उलटं केलं,
कानावरचा मार्कर काढला, रेघ ओढली.
हे रावेर. हे बऱ्हाणपूर. ही दिल्ली, हिला वळसा.
हे कुल्लू, इथं मी केळी उतरवतो.
रेघ झाकणाच्या कडेला येऊन थांबली.
"पुढचा रस्ता दुसऱ्या झाकणावर काढाव लागीन ताई.
तिथं झाडं संपता.
मंग माणसं संपता.
मंग नुसता वारा, अन् तोबी कोरडा."
शैलजानं विचारलं, शौचाला?
सलदार बराच वेळ ट्रकच्या टायरकडे बघत राहिला.

सामानावरून दोनदा अबोला झाला.
शैलजाला दादरचं पीठ पाच किलो न्यायचं.
कुमुद म्हणे, त्या उंचीवर डाळसुद्धा शिजत नाही,
तू भाकरी थापणार?
मी ठेच्याची बरणी लिहिली, खोडली, परत लिहिली.
तंबू शैलजाच्या भाच्याकडून.
दांड्या कशा जोडायच्या ते त्यालाही ठाऊक नाही.

मग थंडीचा प्रश्न.
सावद्यात थंडी एकाच ठिकाणी मिळते.
रात्री नऊला, शेवटची गाडी भरून गेल्यावर
वॉचमन गोविंदाला चहाचे पैसे दिले
आणि तिघी शीतखोलीत शिरलो.
स्वेटर, कानटोप्या, भाच्याच्या झोपायच्या पिशव्या.
भिंतीवर आकडा: तेरा.
चहूकडे हिरव्या केळ्यांचे क्रेट, छतापर्यंत.

दहा मिनिटांत शैलजाचे दात वाजायला लागले.
मी म्हटलं, हे तेरा आहे, तिथं उणे असतं.
ती म्हणाली, उणे-अधिक तू बघ, हिशेब तुझ्याकडे आहे.
खूप हसलो. हसण्याची वाफ दिसते का ते बघितलं.
नाही दिसली.
जाड भिंती. फोनला रेंज नाही.
घरी दूध उतू गेलं असतं, कोणी विचारलं असतं,
तरी आमच्यापर्यंत काही आलं नसतं.
यंत्राची एकसुरी घरघर तेवढी.

कुमुद अकरा वर्षं दिवा लावून झोपते.
तीच म्हणाली, घालव गं तो.

किती वेळ गेला, वहीत नोंद नाही.

गोविंदानं दार उघडलं तेव्हा
बाहेरची रात्र अंगावर आली, चुलीपुढं बसल्यासारखी.
माझ्या चष्म्यावर धुकं जमलं.
मी पुसलं नाही, तशीच घरापर्यंत चालत गेले,
कुमुदच्या खांद्यावर हात ठेवून.

सकाळी कळलं, पोरांनी दोन्ही झाकणं
खोक्यांवर बसवली, पट्टी मारली, माल रवाना.
रस्ता आमच्या आधी निघून गेला.
वेटिंग तेव्हा अडतीसपासून पुढं.

चौथ्या दिवशी सलदारचा फोन:
"ताई, तुमचा नकाशा कुल्लूच्या मंडीत उतरला.
व्यापारी विचारू राह्यला, ही कसली रेघ.
आता काय करू, फेकू?"

शैलजानं फोन माझ्या हातातून घेतला.
फेकू नको रे, म्हणाली,
कुठं तरी कोरड्या जागी ठेवायला सांग.
आणि तिथं दुकानात
गुडघ्याचा पट्टा मिळतो का, तेवढं विचार.